मी पाहिलेले प्रेक्षणीय स्थळ : मुक्कामापासून पायी पायी कोल्हापूर



'मी पाहिलेले प्रेक्षणीय स्थळ' हा निबंध आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. पाचवीपासून दहावीपर्यंत कुठल्या ना कुठल्या परीक्षेत तो येतोच. मी गेली बरीच वर्षं बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात मराठी शिकवतो आणि दरवर्षी या निबंधाचा गठ्ठा तपासतो. निम्म्या पेपरांत ताजमहाल असतो. उरलेल्यांत महाबळेश्वर, अजिंठा-वेरूळ, नाहीतर गेट वे ऑफ इंडिया. ज्या पोरानं तालुक्याच्या पलीकडचं गाव पाहिलेलं नाही, तोसुद्धा 'ते संगमरवरी सौंदर्य पाहून माझ्या डोळ्यांचे पारणे फिटले' असं लिहून मोकळा होतो. आम्हीही दहापैकी सात-आठ गुण देऊन मोकळे होतो. कारण ते वाक्य आम्हीच फळ्यावर लिहून दिलेलं असतं.

यंदा हा निबंध मी स्वतः लिहायचं ठरवलं. नमुना म्हणून नाही, तर एका जुन्या चुकीची दुरुस्ती म्हणून. चूक माझी आहे. ती आधी सांगतो आणि मग तुम्हाला कोल्हापूर दाखवतो.

दहापैकी तीन

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. आईवडील ऊसतोडीला जायचे. आमच्या भागात हे नवीन नाही. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रॅक्टर गावात येतो आणि दोन दिवसांत अर्धी गल्ली रिकामी होते. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' अशी मोजदाद, आणि आधीच घेतलेली उचल फेडायची म्हणून जायलाच लागतं. याच्या घरी मागं राहायला म्हातारं माणूस नव्हतं. त्यामुळं हाही जायचा, कोपीवर धाकट्या बहिणीला सांभाळायला. हजेरीपटात नोव्हेंबर ते मार्च त्याच्या नावापुढं सगळे गैरहजेरीचे शेरे. एप्रिलमध्ये तो परत यायचा, काळवंडलेला, आणि गुपचूप शेवटच्या बाकावर बसायचा.

त्या वर्षीच्या वार्षिक परीक्षेत हा निबंध आला. सगळ्यांनी ताजमहाल लिहिला, यानं कोल्हापूर लिहिलं. कारखान्यात काहीतरी बिघाड झाला म्हणून एक दिवस तोड बंद राहिली होती. त्या दिवशी बापानं दोघा पोरांना एसटीनं कोल्हापूरला नेलं होतं. निबंध जेमतेम दीड पान होता. शुद्धलेखनाच्या चुका ढीगभर. त्यात पन्हाळगड नव्हता, राजवाडा नव्हता. देवीचं दर्शन एका ओळीत उरकलेलं होतं, 'रांग मोठी होती म्हणून आम्ही कळसाला हात जोडले'. आणि पुढं असं लिहिलं होतं की, तिथं कुस्त्यांसाठी मोठा खड्डा केला आहे. तिथं रस्त्यावर म्हैस उभी असते आणि आपल्यासमोर पिळून पेल्यात दूध देतात. वडिलांनी एक पेला घेतला आणि आम्हा दोघांना दिला.

मी 'खड्डा' शब्द खोडून वर 'भव्य मैदान' लिहिलं. म्हशीच्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'काल्पनिक. शहरात असे नसते.' खाली शेरा दिला, 'प्रेक्षणीय स्थळाची माहिती नाही. विषयाला सोडून.' दहापैकी तीन गुण. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं झालं असतं. पण पेपर दाखवायच्या दिवशी मी ते वाक्य वर्गात मोठ्यानं वाचलं. पोरं हसली. मीही हसलो. तो खाली मान घालून बसला होता.

नववीत तो दिवाळीपर्यंत आला. नंतर आलाच नाही.

मुक्काम

आता यंदाच्या जानेवारीची गोष्ट. भाषा विषयाच्या तीन दिवसांच्या कार्यशाळेसाठी मी कोल्हापूरला गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. उतरायची सोय भवानी मंडपाजवळच्या एका साध्या यात्री निवासात होती. लोखंडी पलंग, पाण्याचा माठ, भिंतीवर अंबाबाईचं कॅलेंडर. रोज साडेदहा ते पाच कार्यशाळा. म्हणजे सकाळ आपली आणि संध्याकाळ आपली.

मी निघतानाच यादी केली होती. पन्हाळा, जोतिबा, नृसिंहवाडी, न्यू पॅलेस. व्यवस्थापक काकांना विचारलं, "गाडी किती घेईल?"

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "सर, टायम नाही म्हणताय न्हवं? मग गाडी कशाला करताय? पन्हाळा काय पळून जात नाही. हितनं चालत जावा की. सगळं हाताशीच हाय."

आणि त्यांनी पावतीच्या मागच्या बाजूला बॉलपेननं नकाशा काढून दिला. मधे एक चौकोन, तो आमचा मुक्काम. त्यातून निघालेले पाच-सहा बाण. एकही बाण पंचवीस मिनिटांच्या वरचा नव्हता. तोच नकाशा मी तुमच्यासाठी इथं शब्दांत मांडतो.

पाच मिनिटांवर : अंबाबाई आणि मावळता सूर्य

पहिल्या दिवशी पहाटेच देवळात गेलो. रांग लहान होती. काळ्या दगडाचं हे देऊळ बाहेरून बघायलाही अर्धा तास काढावा. भिंतींवर वाद्यं वाजवणाऱ्या, नाचणाऱ्या सुंदरींच्या मूर्ती आहेत, दगडांचे कोन एकात एक गुंतत गेलेले आहेत.

बहुतेक देवळांत मूर्तीचं तोंड पूर्वेला असतं. इथं अंबाबाई पश्चिमेकडं बघते, म्हणून महाद्वारही पश्चिमेला. यातूनच इथला किरणोत्सव होतो. वर्षातून दोनदा, जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी ते देवीच्या पायांपर्यंत येतात, मग मध्यापर्यंत आणि मग मुखापर्यंत. आकाश ढगाळ असलं किंवा धुकं असलं की किरण वाटेतच विरतात.

वर्षातून दोनदाच का, हे विज्ञानाच्या तासाला विचारण्यासारखं आहे. सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. २१-२२ डिसेंबरपर्यंत त्याची मावळायची जागा दक्षिणेकडं सरकत जाते, नंतर परत उत्तरेकडं येते. जाताना जी जागा लागते तीच येताना लागते. आता बोटांवर मोजा. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर, ४१ दिवस. २१ डिसेंबर ते ३१ जानेवारी, पुन्हा ४१ दिवस. ज्यांनी हे देऊळ बांधलं त्यांना क्षितिजाचं गणित ठाऊक होतं. देवळातून बाहेर आल्यावर मी भूगोल शिकवणाऱ्या आमच्या मॅडमना तिथूनच फोन लावला.

महाद्वार रस्त्यानं परत येताना बिनखांबी गणेशाचं देऊळ लागतं. नावाप्रमाणं आत एकही खांब नाही. गुजरीत सोनारांची दुकानं, काचेत कोल्हापुरी साज. आणि चपलांची गल्ली. कातड्याचा वास आधी येतो, दुकान नंतर दिसतं. या चपलांना २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते एकट्या कोल्हापूरचं नाही. महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार जिल्हे यांचं ते सामायिक आहे. दुकानदारानं चप्पल वाकवून दाखवली, तळ हातावर आपटून दाखवला. मी म्हटलं, "थोडी आवळ होतीय." तो म्हणाला, "पंधरा दिवस घाला सर. पाय चप्पल करून घेतोय." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. शिक्षकाला अशी वाक्यं लागतात.

दहा मिनिटांवर : खासबाग

त्याच संध्याकाळी भवानी मंडपातून निघालो. हा जुना राजवाडा. आत तुळजाभवानीचं देऊळ आहे, आणि आजही लोक त्याच आवारातून रोजच्या कामाला ये-जा करतात. राजवाडा असून त्याला दाराशी कुणी अडवत नाही, हे मला फार आवडलं. तिथून जवळच मोतीबाग तालीम. शड्डूचा आवाज आला म्हणून क्षणभर थांबलो आणि पुढं खासबागेत गेलो.

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली एडवर्ड राजाच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचा जुना आखाडा पाहिला. तसं मैदान आपल्या मल्लांसाठी असावं असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि १९१२ साली खासबागेत पहिली मोठी कुस्ती झाली.

मी मैदानाच्या कडेला उभा राहिलो आणि जागच्या जागी खिळलो. मैदान वर नाही, खाली आहे. जमिनीत खोल उतरत गेलेलं, बशीसारखं, आणि तळाशी लाल मातीचा हौदा. कुठंही बसलं तरी पुढच्याचं डोकं आड येत नाही. हे बांधणाऱ्यानं सगळ्यात मागच्या माणसाचा विचार केला होता. ज्याच्याकडं पुढं बसायला पैसा नाही, त्यालाही पैलवानाचा डाव तेवढाच स्पष्ट दिसावा.

तेवढ्यात तो शब्द आठवला. खड्डा. 'कुस्त्यांसाठी मोठा खड्डा केला आहे.'

मी तो शब्द खोडला होता. 'भव्य मैदान' लिहिलं होतं. भव्य मैदान कुठंही असतं, मुंबईत असतं, दिल्लीत असतं. खासबागेचं वेगळेपण एका शब्दात सांगायचं तर तो शब्द खड्डाच. त्या पोरानं डोळ्यांनी पाहून लिहिलं होतं, आणि मी न पाहता दुरुस्त केलं होतं.

खासबागेला लागूनच शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. १९१५ साली ते उभं राहिलं. ललितकलादर्श नाटक मंडळीचे गायक नट केशवराव भोसले इथलेच. अवघ्या एकतीस वर्षांचं आयुष्य, पण नाव आजही निघतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. मी बाहेरूनच हात जोडले. शेजारी उभे असलेले एक गृहस्थ आपणहून म्हणाले, "आमच्या आजोबांनी हितं नाटक बघितलंय, आमी पण बघितलंय." पुढं काही बोलले नाहीत.

पंधरा मिनिटांवर : गंगावेशीतली म्हैस

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांनी विचारलं, "दूध प्यालासा का?"

"दूध? जेवणानंतर घेईन कपभर."

"कपभर न्हवं. कट्ट्यावर जावा. गंगावेशीत."

कट्टा म्हणजे काय ते मला कळलं नाही. विचारत विचारत गेलो. वाहनं, रिक्षा, भाजीवाले, सायकलवर पोरं. आणि त्या सगळ्या गजबजाटात रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या. धुतलेल्या, चकचकीत. एक माणूस उकिडवा बसून धार काढत होता. लोक पेल्यासाठी उभे होते. दोन तरणे पैलवान, ऑफिसातून आलेला एक माणूस, नातवाला घेऊन आलेली एक आजी. पेला फेसानं भरून वर यायचा आणि तिथल्या तिथं तोंडाला लागायचा. धारोष्ण दूध. कोल्हापुरात तालमी आहेत, तालमींत पैलवान आहेत, पैलवानांना दूध लागतं. त्यातूनच ही पद्धत रुजली. भेसळीचा प्रश्नच नाही, कारण म्हैस समोर उभी.

मीही पेला घेतला. कोमट होता. एक घोट घेतला आणि मला पुढचा घोट जाईना.

'काल्पनिक. शहरात असे नसते.'

माझंच अक्षर, लाल शाईतलं, डोळ्यांसमोर आलं. हसणारा वर्ग आठवला. बापानं एकच पेला घेतला होता आणि तो दोन पोरांना दिला होता. स्वतः घेतला नव्हता. हे त्या वाक्यात लिहिलेलं होतं. मी व्याकरण तपासत बसलो आणि ते वाचलंच नाही. दीड पानाच्या निबंधात एवढं मोठं वाक्य लिहिणारा मुलगा माझ्या वर्गात होता आणि मी त्याला खोटं ठरवलं.

दूधवाल्यानं विचारलं, "काय सर, आवडलं न्हाई व्हय?"

म्हटलं, "आवडलं. खूप आवडलं." आणि पेला संपवला.

तिथून तसाच पुढं पंचगंगेच्या घाटावर जाऊन बसलो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती, अशा पाच नद्यांची ही पंचगंगा. काठावर लहानमोठी देवळं, दगडी पायऱ्या. पाण्यात दिवे हलत होते. लांबून उसाच्या ट्रॅक्टरचं गाणं ऐकू येत होतं. हंगाम चालू होता. त्या ट्रॅक्टरमागच्या दोन-दोन ट्रॉल्या भरणारे हात आमच्याकडचेच असणार, हे मला माहीत होतं.

वीस मिनिटांवर : दसरा चौक, टाऊन हॉल आणि रंकाळा

तिसऱ्या दिवशी कार्यशाळा दुपारीच संपली. आधी टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात गेलो. इमारत इंग्रजी अमदानीतली, टोकदार कमानींची. चार्ल्स मॅन्ट या वास्तुशिल्पकारानं ती उभारली. न्यू पॅलेसही त्याचाच. आत एक लहानशी कांस्यमूर्ती आहे, ती शोधून बघाच. पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेच्या काठावरच्या ब्रह्मपुरी टेकाडाच्या उत्खननात ती मिळाली. समुद्राच्या देवाची मूर्ती घाट चढून कोल्हापुरात कशी आली? साधारण दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी आपला व्यापार चालायचा. कुणीतरी व्यापारी ती घेऊन आला असावा, इथं उतरला असावा. म्हणजे या गावात मुक्काम करणाऱ्या पाहुण्यांची परंपरा फार जुनी. आपण त्यातले सगळ्यात शेवटचे.

तिथून दसरा चौक. मधे शाहू महाराजांचा पुतळा, आणि भोवताली जुन्या बोर्डिंगच्या इमारती. हे कुठल्याही पर्यटनाच्या यादीत वरच्या क्रमांकावर सापडत नाही. पण शिक्षकानं कोल्हापुरात एकच ठिकाण बघायचं असेल तर मी हेच सांगेन. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग, पुढं लिंगायत, मुस्लिम, आणि १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. एकेका समाजाला हाताशी धरून महाराजांनी वसतिगृहं उभी करवली. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला.

दंडाची गोष्ट आपण सगळे वर्गात सांगतो. मीही सांगतो. पण त्या चौकात उभं राहिल्यावर क्रम लक्षात आला. आधी १९०१, नंतर १९१७. आधी पोरांच्या राहण्या-जेवण्याची सोय, नंतर सक्ती आणि दंड. मी मात्र त्या मुलाला आधी गैरहजेरीचा शेरा दिला, नंतर तीन गुणांचा. त्याला राहायला जागा कुठं आहे, हे मी कधी विचारलंच नाही.

शेवटी रंकाळा. काठाला शालिनी पॅलेस, पाण्यात संध्यामठ, चौपाटीवर भेळेच्या गाड्या, फेरफटका मारणारे म्हातारे, सेल्फी काढणारी पोरं. सूर्य पाण्यात बुडत होता. डोळ्यांचं पारणं फिटलं असं लिहिता आलं असतं, पण लिहीत नाही. मी खिशातून फोन काढला.

एक फोन

त्या तुकडीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात तो नव्हता, पण त्याच्या मित्राकडून नंबर मिळाला. रिंग बराच वेळ वाजली. मागं इंजिनाची घरघर.

"सर? कोण सर?... अय्यो, सर तुम्ही व्हय! बोला की."

तो आता उसाचा ट्रॅक्टर चालवतो. यंदा बेळगावकडच्या एका कारखान्यावर होता. मी म्हटलं, "मी कोल्हापुरात आहे. काल गंगावेशीत दूध प्यालो."

पलीकडं थोडा वेळ नुसती घरघर.

"म्हैस होती का सर?"

"होती."

"मग?"

"मग काय. तुझं खरं होतं. मी चुकलो. वर्गात वाचून दाखवलं, तेही चुकलं."

तो हसला. "जाऊ द्या सर. आता काय मार्क वाढणार नाईत. रंकाळ्याला गेल्ते का? तिथं आमच्या आण्णांनी आम्हाला भेळ घेतल्ती. ते मी लिहिलंच नव्हतं. जागा पुरली नाई."

मी काय बोलावं ते सुचेना. मग त्यानंच आवाज जरा खाली घेऊन विचारलं, "सर, एक विचारू का? पोरगी जूनमधी पहिलीला जाईल. आपल्या गावात ते हंगामी वसतिगृह चालतं म्हन्तेत, खरं हाय का? आम्ही दोघं आलो की ती कुठं ऱ्हावी, तेच कळंना. तिला संगं न्यायची नाई मला."

हंगामी वसतिगृह म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांची हंगामापुरती गावातच जेवणाची आणि राहण्याची सोय. आईवडील गेले तरी पोरांनी शाळेतच राहावं यासाठी ही योजना आहे. आमच्या गावात ते कधी चालू होतं, कधी मुलांची यादी वेळेत गेली नाही म्हणून राहतं. यादी करायचं काम शाळेचं. म्हणजे आमचंच.

मी म्हटलं, "यंदा यादी मी करतो. तिचं नाव पहिलं."

निबंध लिहिणाऱ्यांसाठी

मुलांनो, आता थोडं परीक्षेचं बोलू. या निबंधासाठी मी पाच सूचना देतो.

१. जे पाहिलं तेच लिहा. एसटी स्टँड पाहिला असेल तर एसटी स्टँड. आठवडी बाजार, गावची बारव, कारखान्याचा काटा, काहीही चालेल.

२. 'भव्य', 'नयनरम्य', 'अविस्मरणीय' हे शब्द लिहिण्याआधी थांबा. तिथं असं काय होतं जे दुसरीकडं नाही? त्यासाठी तुमच्या घरात जो शब्द वापरतात तो लिहा. खड्डा असेल तर खड्डा.

३. अंतर, दिशा, वर्ष अशी खात्रीची माहिती जरूर द्या. पण ती विचारून, वाचून, पडताळून. किरणोत्सवासारखं एखादं 'का' शोधलंत तर उत्तमच.

४. माणसं लिहा. सोबत कोण होतं, त्यांनी काय घेतलं, काय घेतलं नाही.

५. परगावी मुक्कामाला गेलात तर गाडी करण्याआधी एक दिवस पायी फिरा. मुक्कामाच्या जागेवरच्या माणसाला विचारा, "इथून चालत कुठं जाता येईल?" आणि त्याचं ऐका.

शिक्षक मित्रांसाठी एकच सूचना. पेपरातली एखादी गोष्ट खोटी वाटली तर लाल रेघ मारण्याआधी त्या मुलाला जवळ बोलावून विचारा, "कुठं पाहिलंस रे? सांग की मला." तेवढ्यानंही काम होतं.

माझ्या पेटीत तो पेपर आता नाही. जुने गठ्ठे दर वर्षी रद्दीत जातात, त्यातच तोही गेला. असता तर तीनच्या पुढं दुसरा आकडा लिहिला असता का? कदाचित नाही. त्यापेक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यादी वेळेत पाठवणं महत्त्वाचं. काकांनी दिलेली ती पावती मात्र मी जपून ठेवली आहे. मधे एक चौकोन आणि त्यातून निघालेले बाण. यंदा आठवीच्या वर्गाला निबंध देताना तीच फळ्यावर काढणार आहे. चौकोनात प्रत्येकानं आपलं घर लिहायचं. घर म्हणजे कुणाचं गावातलं, कुणाची कोपी. आणि बाणांच्या टोकाला, पायी जाऊन जे पाहिलं ते.

गृहपाठ : तुमच्या घरापासून किंवा मुक्कामापासून पायी वीस मिनिटांच्या आत असलेलं एक ठिकाण स्वतः जाऊन बघा आणि त्यावर पंधरा ते वीस ओळी लिहा. ताजमहाल चालणार नाही. म्हैस चालेल.